न आलेल्यांची यादी

प्रवेश विभागातून बाहेर पडणाऱ्या याद्या सगळ्यांना ठाऊक असतात. निवड यादी लागते, प्रतीक्षा यादी लागते, आणि ज्यांचं नाव दोन्हींत नाही त्यांना निदान खेद व्यक्त करणारं एक पत्र तरी जातं. या याद्यांवरून भांडणं होतात, माहिती मागवली जाते, वकिलांच्या नोटिसा येतात, वर्तमानपत्रं कटऑफ छापतात. चौथी यादी मात्र कुठेच लागत नाही. फॉर्म अर्धा भरून सोडून दिलेले, फॉर्म पूर्ण भरला पण एक कागद द्यायचा राहिला असे, आणि प्रवेश मिळूनही पहिल्या दिवशी वर्गात न दिसलेले, असे सगळे तिच्यात असतात. त्यांना कुणी नाकारलेलं नसतं, त्यामुळे त्यांची तक्रारही नसते. या कामात आयुष्याचा मोठा तुकडा घालवल्यावर मला बाकीच्या याद्यांपेक्षा ही चौथीच जास्त महत्त्वाची वाटते. बैठकीत हे बोलले की समोरचे लोक घड्याळाकडे बघतात.

लहानपणी कुणी 'मोठेपणी मी प्रवेश अधिकारी होणार' असं म्हणत नाही. या कामाचं रीतसर शिक्षण घेऊन आलेली माणसं मला फार थोडी भेटली. बहुतेक जण आडवाटेनं येतात. कुणी हंगामापुरतं डेटा एंट्रीला आलेलं असतं, कुणी शिकवण्याची नोकरी लागेपर्यंत, कुणी त्याच विद्यापीठात शिकून टेबलाच्या पलीकडच्या बाजूला येऊन बसलेलं. हंगाम संपतो, माणूस राहतो. मीही तशीच राहिले. आधी अर्जांची छाननी, मग हेल्पलाइन, मग शैक्षणिक मेळाव्यांचे दौरे, मग आकडेवारी, आणि आता या सगळ्यांवर सह्या करायची खुर्ची.

या नोकरीचे दोन भाग एकमेकांशी फारसे बोलत नाहीत. एक भाग बाहेर जाऊन 'या, या' म्हणतो. त्याच्याकडे रंगीत माहितीपत्रकं, स्टॉल, टी-शर्ट, हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो. दुसरा भाग आत बसून 'थांबा' म्हणतो. त्याच्याकडे तपासणीच्या याद्या, शिक्के आणि त्रुटी कळवणारे ईमेल. बोलावणाऱ्यांचं यश किती अर्ज आले यावर मोजतात, थांबवणाऱ्यांचं किती चुकीचे अर्ज अडवले यावर. मधल्या जागेत जो विद्यार्थी उभा असतो त्याचा हिशेब कोणत्याच भागाच्या वार्षिक मूल्यमापनात येत नाही. मी दोन्हीकडे काम केलं आहे, आणि दोन्हीकडची माणसं आपापल्या परीनं प्रामाणिक असतात, हेही पाहिलं आहे.

ओळखीची माणसं कधी तरी हळूच विचारतात, 'तुमच्या हातात असेल ना काही?' त्यांना निवड अभिप्रेत असते. निवड आमच्या हातात जवळजवळ नसतेच. जिथे प्रवेश परीक्षेच्या गुणांवर जागा मिळते तिथे संगणक क्रम लावतो, जिथे अर्ज वाचून निवड होते तिथे प्राध्यापकांची समिती ठरवते. आमच्या हातात असतं ते भलतंच काही. फॉर्ममध्ये किती रकाने ठेवायचे, कोणता कागद आधी मागायचा आणि कोणता नंतर, मुदत शुक्रवारी संध्याकाळी संपवायची की सोमवारी, शुल्क भरायची पायरी पहिल्या पानावर ठेवायची की शेवटच्या, आणि 'आपला अर्ज अपूर्ण आहे' हे कोणत्या शब्दांत कळवायचं. हे सगळं किरकोळ समजलं जातं म्हणून आमच्याकडे सोपवलं जातं. कुठल्याही विद्वत्परिषदेत रकान्यांवर चर्चा झालेली मी ऐकलेली नाही.

आमच्या पत्रांची भाषाच बघा. 'विहित नमुन्यात व विहित मुदतीत कागदपत्रे सादर न केल्यास अर्ज रद्द समजण्यात येईल.' हे वाक्य लिहिणाऱ्याला कायद्याचं संरक्षण मिळतं. वाचणाऱ्याला मिळते ती भीती. ज्याच्या घरी अशी पत्रं यायची सवय आहे तो ते बाजूला ठेवतो, फोन करतो, 'अहो, दोन दिवस उशीर झाला तर चालेल ना?' असं विचारतो, आणि बहुधा चालतं. ज्याच्या घरातलं हे पहिलंच असं पत्र असतं, तो त्यावर विश्वास ठेवतो.

हेल्पलाइनवर बसले असताना एक गोष्ट लक्षात आली होती. बरेच फोन आई-वडिलांचे असतात. 'आम्ही फॉर्म भरला, आमचं पेमेंट अडकलंय' असं वडील सांगत असतात आणि मागून मुलगा वैतागून उत्तरं पुरवत असतो. आपण हसतो, मुलांना परावलंबी करून ठेवलंय म्हणतो. पण जो मुलगा स्वतः फोन करतो त्याच्या मागे बहुधा कुणीच बोलत नसतं. तो 'मॅडम, एक विचारू का?' असं म्हणून सुरुवात करतो, एकच प्रश्न विचारतो आणि उत्तर नीट कळलं नाही तरी 'हो, हो' म्हणून ठेवून देतो. त्याला दुसरा फोन करायला लावणारी कोणतीही पायरी त्याच्यासाठी बंद दरवाजाच ठरू शकते. नियमात तशी काही तरतूद नसली तरी.

जागा 200 असतील तर ऑफर 200 द्यायच्या, इतकं हे सोपं असतं तर माझी निम्मी नोकरी उरलीच नसती. चांगले गुण असलेली मुलगी पाच ठिकाणी अर्ज करते, तीन ठिकाणी निवडली जाते आणि जाते एकाच ठिकाणी. म्हणून ऑफर जास्त द्याव्या लागतात. ऑफर दिलेल्या दहांतले चार येतात असा अनुभव असेल तर 200 जागांसाठी 500 ऑफर. एखाद्या वर्षी शंभरातले चाळीसऐवजी पंचेचाळीस आले की 225 जण दारात. पस्तीसच आले की 175, म्हणजे 25 खुर्च्या रिकाम्या. ऑफर दिलेल्यांपैकी येणाऱ्यांच्या या प्रमाणाला आम्ही यील्ड म्हणतो. तो चुकला की, कोणत्याही बाजूनं चुकला तरी, खुलासा आम्हीच लिहायचा. ब्रिटनमध्ये एकाच विद्यार्थ्याचे अनेक अर्ज वेगवेगळ्या विद्यापीठांत फिरून जो गोंधळ व्हायचा त्यावर उपाय म्हणून 1961 साली मध्यवर्ती यंत्रणा उभी राहिली. ती आजच्या यूकॅसची, म्हणजे तिथले विद्यापीठांचे अर्ज एका जागी घेणाऱ्या संस्थेची, पूर्वज. तिथे उत्तरं आल्यावर विद्यार्थ्याला एक पक्की आणि ती हुकलीच तर म्हणून एक राखीव अशा दोनच ऑफर हातात ठेवता येतात. नियम विद्यार्थ्याला जाचक वाटतो, पण आमच्या जमातीतल्या कुणालाही तो वाचून हेवा वाटेल.

डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांचा 1962 सालचा एक छोटासा शोधनिबंध याच डोकेदुखीपासून सुरू होतो. कॉलेजकडे ठरावीक जागा, अर्ज त्याहून जास्त, आणि बोलावलेल्यांपैकी कोण येणार याचा पत्ता नाही. त्यांनी सुचवलेली रीत अशी: प्रत्येक विद्यार्थ्यानं पहिल्या पसंतीकडे अर्ज करावा, कॉलेजनं जागांइतके वरचे अर्ज तात्पुरते राखून बाकीचे परत करावेत, परत आलेल्यांनी पुढच्या पसंतीकडे जावं, कॉलेजनं राखलेले आणि नव्यानं आलेले पुन्हा एकत्र तोलावेत, ही हलवाहलव थांबेपर्यंत असंच चालू द्यावं. शेवटी अशी एकही जोडी उरत नाही, की ज्यातला विद्यार्थी आणि कॉलेज दोघांनाही हाती आलेल्यापेक्षा एकमेकंच जास्त पसंत आहेत. या विचाराबद्दल आणि तो प्रत्यक्ष व्यवहारात उतरवण्याबद्दल 2012 सालचं अर्थशास्त्राचं नोबेल शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना मिळालं. गेल 2008 मध्येच गेले होते.

निबंध मला मनापासून आवडतो. गणिताचा गंध नसलेल्यालाही कळेल असा तो लिहिलेला आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे प्रत्येक मूल आपला पसंतीक्रम भरून देतं. गणित तिथून सुरू होतं. आणि तिथपर्यंत मूल पोचेपर्यंतच आमच्याकडे बरंच काही घडून गेलेलं असतं.

कागदपत्रांची मुदत हे प्रकरण तर स्वतंत्र अभ्यासाचं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या संकुलात 2017 साली अंदाज चुकला आणि नियोजनापेक्षा सुमारे 850 नवे विद्यार्थी जास्त होणार असं दिसलं. सत्र सुरू व्हायला दोनेक महिने उरले असताना 499 प्रवेश मागे घेतले गेले. त्यातल्या बऱ्याच जणांना सांगितलेलं कारण होतं, गुणपत्रक वेळेत पोचलं नाही. विद्यार्थ्यांनी आरडाओरड केली, वर्तमानपत्रांनी ती उचलली, कुलपतींनी माफी मागितली आणि कागदाच्या कारणावरून काढलेल्यांना परत घेतलं. गुणपत्रकाच्या मुदतीचा नियम तिथे आधीपासून होताच. त्याच वर्षी तो इतक्या काटेकोरपणे का आठवला, हे प्रवेश विभागात एक हंगाम काढलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. मुदत आमच्याकडे नळासारखी वापरली जाते: मुलं कमी पडली की सैल, जास्त झाली की घट्ट. जाहीरपणे हे कुणी कबूल करत नाही, आणि करायची गरजही पडत नाही, कारण नियम छापलेला असतो.

आता फॉर्मच्याही आधीची गोष्ट. मिशिगन विद्यापीठात अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. राज्यातल्या कमी उत्पन्नाच्या घरांतली, पण चांगले गुण असलेली मुलं निवडली. त्यातल्या काहींना 2015 साली विद्यापीठाच्या रंगांतलं एक मोठं पाकीट पाठवलं. आत एक आश्वासन होतं: तुला प्रवेश मिळाला, तर चार वर्षांचं शुल्क माफ, त्यासाठी वेगळे आर्थिक फॉर्म भरायला नकोत. पालकांना पत्र, मुख्याध्यापकांना पत्र. यात नवा पैसा जवळजवळ नव्हताच. ही मुलं प्रवेश घेऊन नेहमीच्या मार्गानं मदतीचा अर्ज करती, तर बहुतेकांना एवढी सवलत तशीही मिळाली असती. फरक एवढाच की आता ती आधी आणि खात्रीनं सांगितली होती. अर्ज करणाऱ्यांचं प्रमाण 26 टक्क्यांवरून 68 टक्क्यांवर गेलं, आणि त्या विद्यापीठात प्रत्यक्ष दाखल होणाऱ्यांचं प्रमाण दुपटीहून अधिक झालं.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ तिथेच अडकले होते. आपण 'ही मुलं अर्जच करत नाहीत, आम्ही काय करणार' असं म्हणतो. म्हणजे त्यांची इच्छाच नाही, असं त्यातून सुचवायचं असतं. इच्छा होती. सवलत होती. मध्ये एक 'जर' होता: अर्ज केलास तर, निवडला गेलास तर, मग आर्थिक फॉर्म भरलास तर, तो मंजूर झाला तर. तेवढ्या 'जर'वर पाऊल टाकायला घरात कुणी तरी आधी टाकलेलं असावं लागतं.

दुसरा प्रयोगही अमेरिकेतलाच, ओहायो आणि नॉर्थ कॅरोलायनामधला. तिथे सरकारी शैक्षणिक मदतीसाठी तेव्हा शंभराहून जास्त प्रश्नांचा फॉर्म भरावा लागायचा. कमी उत्पन्नाची कुटुंबं करविवरण भरायला एका कर-सल्लागार कंपनीच्या कार्यालयांत येत, तिथेच संशोधकांनी सोय केली. करासाठी दिलेली माहिती थेट त्या फॉर्ममध्ये उतरवायची आणि उरलेले प्रश्न तिथल्याच कर्मचाऱ्यानं विचारून घ्यायचे. काही मिनिटांचं काम. दुसऱ्या एका गटाला फॉर्म भरून दिला नाही. तुम्हाला अंदाजे किती मदत मिळेल ते सांगितलं आणि फॉर्म भरा म्हणून सुचवलं. 2012 साली निष्कर्ष आले. ज्यांचा फॉर्म भरून दिला त्या घरांतल्या शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांपैकी पुढच्या तीन वर्षांत कॉलेजची दोन वर्षं पुरी करणाऱ्यांचं प्रमाण 28 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर गेलं. नुसती माहिती दिलेल्या गटात म्हणण्यासारखा काही फरक पडला नाही.

या शेवटच्या वाक्यानं माझ्या अर्ध्या नोकरीचा निकाल लागतो. आम्ही माहिती देतो. माहितीपत्रक, माहिती सत्र, माहितीची चित्रफीत, वारंवार विचारले जाणारे प्रश्न. मेळाव्यात स्टॉलवर उभं राहून पाय दुखेपर्यंत माहिती देतो, आणि संध्याकाळी किती जणांना दिली ते मोजून वर कळवतो. फॉर्म मात्र त्याचा त्यानं भरायचा, कारण आम्ही भरून दिला तर पक्षपात होईल अशी भीती. पक्षपात तर आधीच झालेला असतो. काहींच्या घरी फॉर्म भरून देणारं माणूस असतं.

आणि समजा, सगळं पार पडलं. फॉर्म भरला, निवड झाली, मुलानं 'येतो' असं कळवलंही. तरी तो येईलच असं नाही. अमेरिकेत या प्रकाराला उन्हाळ्यातली गळती म्हणतात. शाळा संपलेली असते, कॉलेज सुरू झालेलं नसतं, शाळेतल्या शिक्षकांचा संबंध सुटलेला असतो आणि कॉलेजातलं कुणी ओळखीचं झालेलं नसतं. कॉलेजला जायचं ठरवलेल्यांपैकी साधारण 10 ते 20 टक्के मुलं या दोन-तीन महिन्यांत नाहीशी होतात, आणि कमी उत्पन्नाच्या घरांत हे प्रमाण त्याहून जास्त असतं. अटलांटातल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठानं 2016 च्या उन्हाळ्यात मोबाइलवर मेसेजला उत्तरं देणारा एक चॅटबॉट सुरू केला. वसतिगृहाचा फॉर्म कुठे, लसीकरणाचा दाखला कसा द्यायचा, कर्जाच्या कागदावर सही कुणाची, असले प्रश्न. पहिल्याच उन्हाळ्यात दोन लाखांहून जास्त मेसेजची देवाणघेवाण झाली आणि गळती सुमारे एक पंचमांशानं घटली.

यंत्रानं माणसाला हरवलं अशा थाटात ही गोष्ट परिषदांमध्ये सांगितली जाते. मला त्यात दुसरंच दिसतं. आमच्या हेल्पलाइनची वेळ कार्यालयीन असते. मुलांना प्रश्न पडतो तो रात्री, दिवसभराची कामं उरकल्यावर, आणि तो प्रश्न इतका बाळबोध असतो की माणसाला विचारायची लाज वाटते. सकाळपर्यंत तो प्रश्न राहत नाही, त्याचा निर्णय होऊन गेलेला असतो. चॅटबॉट घेणं महाग असेल तर निदान निकालाच्या आठवड्यात दोन माणसं रात्री बसवा, असा प्रस्ताव मी एकदा दिला होता. ओव्हरटाइमच्या नियमांवर चर्चा होऊन तो संपला.

बोलावण्याच्या बाजूचं एक सांगायचं राहिलं. परदेशी विद्यार्थी आणण्यासाठी जगभरची विद्यापीठं एजंट वापरतात, आणि एजंटाला पैसे मिळतात ते दाखल झालेल्या डोक्यामागे. अमेरिकेत 1992 च्या कायद्यानं सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजांना विद्यार्थी आणण्याबद्दल असं कमिशन द्यायला बंदी घातली, पण सरकारी मदतीला पात्र नसलेल्या परदेशी विद्यार्थ्यांचा अपवाद ठेवला. म्हणजे देशातल्या मुलाला चुकीच्या ठिकाणी ढकलणं वाईट हे मान्य. बाहेरच्याचं त्याच्या घरच्यांनी बघावं. एजंट सरसकट वाईट असतात असं मी म्हणणार नाही. मला भेटलेल्यांपैकी काही जण मुलाचा फॉर्म मुलापेक्षा नीट जाणणारे होते, आणि वर सांगितलेल्या प्रयोगातलं ते कर-कार्यालयाचं काम तेच करत होते: शेजारी बसून भरून देणं. म्हणूनच तर त्यांचा धंदा चालतो. जिथे विद्यापीठ नुसती माहिती देऊन थांबतं, तिथून पुढचा रस्ता एजंट विकतो. पण कमिशन मिळतं ते दाखल झाल्यावर. पुढच्या वर्षी ते मूल तिथे आहे की नाही याचं एजंटाला काही देणंघेणं नसतं. आमच्या टार्गेटलाही नसतं, हे वेगळं सांगायला नको.

या नोकरीत नव्यानं आलेल्यांना मी एक जुनं प्रकरण वाचायला देते. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटल मेडिकल स्कूलमध्ये 1970 च्या दशकाच्या शेवटी एका डॉक्टरनं अर्जांची पहिली चाळणी करणारा संगणक प्रोग्राम लिहायला घेतला. हेतू चांगला होता. माणसं थकतात, एकाच अर्जाला वेगवेगळे न्याय लावतात. यंत्र सारखा लावेल. जुन्या निवडींवरून शिकून तो प्रोग्राम समितीशी 90 ते 95 टक्के जुळणारी उत्तरं देऊ लागला आणि 1982 पासून पहिली चाळणी पूर्णपणे त्याच्याकडे गेली. पुढे संस्थेतल्याच दोघांच्या लक्षात आलं, की स्त्री असल्याबद्दल आणि नाव युरोपीय वाटत नसल्याबद्दल हा प्रोग्राम गुण कापतो आहे. ब्रिटनच्या वांशिक समानता आयोगानं चौकशी केली, 1988 मध्ये संस्थेला दोषी ठरवलं. दर वर्षी साधारण 60 उमेदवारांची मुलाखतीची संधी यामुळे गेली असावी असा अंदाज निघाला.

नवीन मुलं वाचून म्हणतात, बघा, अल्गोरिदम पक्षपाती असतात. मी त्यांना पुढचं पान वाचायला लावते. प्रोग्रामनं स्वतःहून काही शोधून काढलं नव्हतं. समितीतले लोक आधीपासून जे करत होते तेच त्यानं आकड्यांत उतरवलं होतं. आणि गोऱ्या नसलेल्या विद्यार्थ्यांचं त्या संस्थेतलं प्रमाण तेव्हाच्या लंडनमधल्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांपेक्षा जास्तच होतं. मग बाकीच्या ठिकाणी काय चाललं असेल? तिथे ते लिहिलेलं नव्हतं, म्हणून सापडलं नाही. सेंट जॉर्जेसमध्ये गुण कापणारी ओळ प्रोग्राममध्ये बोट ठेवून दाखवता आली.

माझ्या चौथ्या यादीची अडचण हीच आहे. तिथे बोट ठेवायला ओळच नसते. पान सहावर फॉर्म सोडून गेलेल्या मुलीला कुणी गुण कमी दिलेले नाहीत. पान सहावर 'पालकाच्या उत्पन्नाचा दाखला अपलोड करा' असं लिहिलेलं असतं आणि पुढे जायचं बटण तोवर निर्जीव असतं, एवढंच. किती जण कोणत्या पानावरून परत फिरले हे पोर्टलच्या नोंदींत असतं. मी ते काढायला सांगितलं तेव्हा संगणक विभागातल्या मुलानं विचारलं, 'मॅडम, हे अर्जदारच नाहीत ना? मग यांचं काय करायचं?' प्रश्न त्याच्या बाजूनं बरोबर होता. अहवालाच्या नमुन्यात 'एकूण प्राप्त अर्ज' या रकान्यापासूनच जग सुरू होतं.

उत्पन्नाचा दाखला आता आम्ही निवड झाल्यावर मागतो. त्याआधी अर्जदाराचं लेखी म्हणणं चालतं. लेखा विभागाला वाटलं होतं की खोट्या माहितीचा पूर येईल. आला नाही. जी काही खोटी माहिती येते ती पूर्वीही येत होती, फक्त दाखल्यासकट येत होती.

आणखी एक काम मी चालू केलं आहे, जे माझ्या वरिष्ठांना फावल्या वेळाचा उद्योग वाटतो. सत्र सुरू होऊन थोडे दिवस झाले, की प्रवेश मिळूनही न आलेल्यांना आमच्याकडचे दोघे जण फोन करतात. जागा भरायची वेळ तेव्हा टळून गेलेली असते, त्यामुळे आग्रह करायचा प्रश्न नसतो आणि म्हणूनच लोक मोकळेपणी बोलतात. बरेच जण दुसरीकडे गेलेले असतात आणि मजेत असतात. त्यांना शुभेच्छा देऊन ठेवायचं. काहींनी घरच्या अडचणीमुळे शिक्षण थांबवलेलं असतं. काही जण फोनच उचलत नाहीत. आणि दर हंगामात थोडे असे निघतात, जे म्हणतात, 'मला वाटलं तुम्हीच नाही म्हणालात.' त्यांना आमचं ऑफर लेटर मिळालेलं असतं. त्यानंतर आलेला 'आपल्या अर्जात त्रुटी आढळली आहे' हा ईमेलही मिळालेला असतो. तो वसतिगृहासाठी द्यायच्या फोटोबद्दलचा असतो. त्यांनी तो शेवटचा निकाल म्हणून वाचलेला असतो.

हे फोन नोंदवायला संगणक विभागानं एक तक्ता करून दिला. न येण्याचं कारण निवडायचं, पर्याय चार: दुसरीकडे प्रवेश, आर्थिक, वैयक्तिक, इतर. पहिल्या हंगामात निम्म्याच्या आसपास नोंदी 'इतर'मध्ये गेल्या. ज्या नोंदींसाठी फोन करायचे त्याच नेमक्या तिथे जाऊन पडल्या. मी 'इतर' काढून टाकून त्या जागी कोरा रकाना ठेवायला सांगितला आहे, समोरचा जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहिण्यासाठी. संगणक विभागाचं म्हणणं, अशा मजकुराचा आलेख काढता येत नाही. वाचता येतो, असं मी कळवलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.